ओल्या मोज्यांचा वास

बराकपूरला राहत असताना शैलाबाईंच्या घरी एक खेळ चालायचा. त्यांचे यजमान शरच्चंद्रराव सियालदाहून लोकलने यायचे आणि स्टेशनपासून घरापर्यंत चालत. घर वरच्या मजल्यावर होतं, जिना अरुंद आणि मध्येच वळणारा. त्या वळणावर ते थांबायचे, मान वर करून दोनदा हुंगायचे आणि मोठ्याने सांगायचे, "अळूचं फदफदं. मुळा घातलाय."

शैलाबाई आतून म्हणायच्या, "चूक."

उत्तर बरोबर असलं की त्या नेहमी 'चूक'च म्हणत. कारण मग शरच्चंद्रराव उरलेल्या पायऱ्या दोन-दोन करून चढत, बूटही न काढता स्वयंपाकघराच्या दाराशी येत आणि झाकण उघडून बघत. उत्तर खरंच चुकलं तर त्या गप्प राहत. ही मेख दोघांखेरीज कुणाला माहीत नव्हती. शेजारच्या मुखर्जीबाईंनी एकदा 'चूक' म्हणजे काय ते विचारून घेतलं होतं, आणि तेव्हापासून त्या शरच्चंद्ररावांकडे कीव केल्यासारख्या बघत. रोज एवढ्या आशेनं सांगतो बिचारा, आणि रोज चुकतो.

बँकेने बदली केली म्हणून ते बंगालात आले होते आणि दोन-तीन वर्षांत परत जायचं म्हणता म्हणता इथेच राहिले. कलकत्त्यात बालीगंजला फ्लॅट घेतला, मुलगी सानिका इथेच शिकली आणि लग्न करून डमडमला गेली. खेळ मात्र चालूच राहिला. बालीगंजच्या इमारतीतही लिफ्ट नव्हती, आणि दुसऱ्या मजल्याखाली जिना वळत होता तो जणू ह्यांच्यासाठीच.

मग ती साथ आली. शरच्चंद्रराव तापातून उठले, पण नाक काही उठलं नाही. आधी वाटलं, येईल हळूहळू. दुसऱ्यांचं आलं. यांचं चार-पाच वर्षं झाली तरी आलं नाही. जिभेला गोड, खारट, तिखट एवढंच कळे, बाकी सगळं चोथा. डॉक्टरांनी सांगितलं होतं, रोज तीव्र वास हुंगत जा, कधी तरी जागं होईल. शैलाबाईंनी लवंग हुंगवली, निलगिरी हुंगवली. हिंगाची डबी नाकाला लावली, तर त्यांना शिंका आल्या, वास नाही आला. जिन्याच्या वळणावर आता ते फक्त दम घ्यायला थांबत, आणि वर येऊन निमूट विचारत, "आज काय आहे?"

शैलाबाईंना ते 'आज काय आहे' ऐकवत नसे. त्यांनी मनाशी एक धरून ठेवलं होतं. ज्या दिवशी नाक उघडेल, त्या दिवशी पहिला वास आपल्या स्वयंपाकघराचा असला पाहिजे. त्यासाठी त्या वाट्टेल तितकी वर्षं फोडण्या करायला तयार होत्या.

आणि नाक उघडलं ते विनीताबाईंच्या दिवाणखान्यात.

विनीताबाई वरच्याच मजल्यावर राहत. त्यांचे यजमान सुधाकरराव एका खाजगी कंपनीत मोठ्या हुद्द्यावर होते, ते जाऊन तीन-एक वर्षं झाली होती. मुलगा केयूर हॉलंडला. तो पावसाळ्यात येऊन गेला आणि आईसाठी बर्फाच्या पिशव्यांत गुंडाळून ढीगभर चीज ठेवून गेला. एका रविवारी विनीताबाईंनी दोघांना वर बोलावलं.

"शैलाताई, नाक धरून बसायचं नाही हं," त्या दारातच म्हणाल्या. "भावजींना काय, त्यांना परवानगीच आहे."

टेबलावर लाकडी पाट ठेवला होता आणि त्यावर चीजचे तुकडे रांगेने मांडले होते. एकात जिरं होतं, ते शैलाबाईंना बरं वाटलं. एकाला निळ्या शिरा होत्या, शिळ्या भाकरीवर बुरशी चढावी तशा. आणि शेवटी एक मऊ, चिकट, केशरी सालीचं. त्याचा वास खोलीत शिरल्यापासूनच आला होता. शैलाबाईंना वाटलं होतं, मांजर कुठेतरी काही करून गेलंय.

"याची साल ते लोक मिठाच्या पाण्यानं धुतात. पुन्हा पुन्हा, आठवडेच्या आठवडे," विनीताबाईंनी माहिती दिली.

"एवढ्या आंघोळी घालूनही ही तऱ्हा," शैलाबाई म्हणाल्या.

विनीताबाई हसल्या. शरच्चंद्ररावही हसले, आणि हसता हसता त्यांनी केशरी सालीचा तुकडा तोंडात टाकला. दोनदा चावला. मग त्यांचा जबडा थांबला. शैलाबाईंना वाटलं दाताखाली काही आलं.

"वास येतोय," ते म्हणाले.

पंखा फिरत होता.

"मोज्यांचा. पावसात भिजलेल्या मोज्यांचा येतो ना, तसा." त्यांनी आणखी एक तुकडा घेतला, नाकाशी धरला, आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "येतोय हो, विनीताबाई. खरंच येतोय."

विनीताबाईंनी आनंदाने टाळी वाजवली. शैलाबाईंनीही तोंडावर हसू आणलं. नवऱ्याचं नाक पाच वर्षांनी जागं झालं, आनंद कोणाला होणार नाही? त्यांना झाला. फक्त त्या आनंदाच्या पोटात एक खडा राहिला. येतोय हो, असं त्यांनी सांगितलं कुणाला? बायको हाताच्या अंतरावर बसली होती. ते बघत होते पाटापलीकडे उभ्या असलेल्या बाईकडे.

दुसऱ्या दिवसापासून शरच्चंद्ररावांचा सराव सुरू झाला. सराव हा त्यांचा शब्द. संध्याकाळचा चहा झाला की ते इस्त्रीचा बुशशर्ट घालत आणि केस नीट बसवत.

"चीज हुंगायला इस्त्री लागते का?" शैलाबाईंनी विचारलं.

"अगं, दुसऱ्याच्या घरी जातोय. बनियनवर जाऊ?"

"माझ्या फोडणीला तर बनियनच असायची."

"तुझी फोडणी घरची," ते म्हणाले आणि वर गेले.

तासाभराने खाली येत, ते वार्ता घेऊनच. आज निळ्याचा थोडासा आला. विनीताबाई म्हणाल्या, आधी डोळे मिटायचे. विनीताबाई म्हणाल्या, चीज फ्रीजमधून काढून आधी बाहेर ठेवलं पाहिजे, गारठलेला वास वर येत नाही. विनीताबाई म्हणाल्या, सोबत नासपती. शैलाबाई पोळ्या लाटत ऐकत. आठवडा उलटला आणि एका संध्याकाळी 'विनीताबाई' मधली बाई गळून पडली. "विनीता म्हणत होती," असं सहज त्यांच्या तोंडून गेलं. त्यांच्या लक्षातही आलं नाही. शैलाबाईंच्या पोळीचा मात्र नकाशा झाला.

त्यांनी सानिकाला फोन लावला. सगळं ऐकून ती पलीकडून हसायलाच लागली.

"आई, तू हिंसा करतेयस."

"मी कुणाला मारलं गं?"

"बंगालीत, आई. हिंसा म्हणजे दुसऱ्याचं बघवत नाही ते. काकू एकट्या असतात, बाबांचं नाक बरं होतंय. तुला काय प्रॉब्लेम आहे?"

"मला कशाला प्रॉब्लेम असेल," शैलाबाई म्हणाल्या. "मी आपलं विचारलं, चीज कुठे मिळतं इथे."

मिळत होतं न्यू मार्केटमध्ये. शैलाबाईंनी टॅक्सी केली आणि गेल्या. आतल्या एका दुकानात बँडेलचं चीज होतं, पुरीएवढंही नाही, लहानशा पेढ्यासारख्या चकत्या. काही पांढऱ्या, काही धुरावर धरून तपकिरी केलेल्या. शैलाबाईंनी तपकिरी घेतल्या, कारण त्यांना जास्त वास येत होता. दुकानदार म्हणाला, मासिमा, रात्रभर पाण्यात भिजवा, मग खा. शैलाबाईंना बंगाली उत्तम कळत होतं. पण रात्रभर म्हणजे आजची संध्याकाळ हातची गेली. आज संध्याकाळी पुन्हा बुशशर्ट, पुन्हा भांग. छे. त्यांनी घरी येताच चकत्या बशीत मांडल्या, शेजारी नासपतीच्या फोडीही ठेवल्या.

"आज सराव इथेच," त्या म्हणाल्या.

शरच्चंद्रराव खूश झाले. त्यांनी डोळे मिटले, एक चकती तोंडात टाकली आणि लगेच डोळे उघडले.

"मीठ आहे हे."

"वास बघा. धुराचा आहे."

"मिठाचा खडा आहे, शैला. पाणी दे."

ते दोन ग्लास पाणी प्याले, मग त्यांनी उरलेल्या चकत्यांकडे विचारपूर्वक पाहिलं आणि त्या कागदात गुंडाळल्या. "विनीताला विचारतो याचं काय करायचं."

शैलाबाई मोरीत जाऊन बशी घासत बसल्या. बशीला काही लागलेलं नव्हतं.

खरं दुखणं दुसऱ्या संध्याकाळी आलं. शरच्चंद्रराव वरून उतरले ते पायांत वारं भरल्यासारखे. "अगं, ते भिजवायचं होतं रात्रभर. विनीतानं भिजवलं, आणि काय सांगू. धूर आला, धूर. बराकपूरचा. आठवतं, संध्याकाळी मी स्टेशनवरून चालत यायचो आणि घरोघरी कोळशाच्या शेगड्या पेटवून दाराबाहेर ठेवलेल्या असायच्या? सगळा रस्ता निळा व्हायचा. तोच वास. मी तिला सगळं सांगितलं, तो रस्ता, तो जिना, मुखर्जीबाई."

शैलाबाईंच्या हातातली पळी हातातच राहिली.

चीज शैलाबाईंनी आणलेलं. न्यू मार्केटला धक्के त्यांनी खाल्लेले. बराकपूरचा तो निळा धूर त्यांचा. त्याच धुरात डोळे चोळत त्यांनी शेगडी पेटवली होती, बाळंतपणानंतर महिन्याभरात. आणि तो परत आला तो वरच्या मजल्यावर, परक्या बाईच्या टेबलावर. बशीही तिचीच.

"जिन्याचं सांगितलंत?" त्यांनी विचारलं.

"सांगितलं ना. मी ओळखायचो आणि तू 'चूक' म्हणायचीस, ते. खूप हसली."

"का म्हणायचे, तेही सांगितलंत?"

"नाही," ते म्हणाले. "ते कशाला सांगेन?"

तेवढंच काय ते शैलाबाईंच्या हाताला लागलं. त्या रात्री त्या जेवल्या.

मग त्यांनी शांतपणे विचार केला. चीज म्हणजे तरी काय, दूध नासवून वर त्याचं कौतुक. नासवण्याचंच कौतुक असेल, तर दूध आपल्याकडेही येतं. घरात आठवड्याची साय साठत होती, दर आठवड्याला लोणी निघत होतं, तूप होत होतं. आजवर शैलाबाईंच्या सायीला कधी उग्र वास आला नव्हता. त्याचा त्यांना अभिमान होता. विरजण लावलेली साय फ्रीजमध्ये, लोणी चार पाण्यांतून धुतलेलं, तूप असं की वाटीच्या तळाची फुलं दिसावीत. त्या आठवड्यात त्यांनी सायीचं पातेलं फ्रीजमधून काढलं आणि ओट्याच्या कोपऱ्यात, डाळींच्या डब्यांमागे लपवलं. भाद्रपदाचा उकाडा होता. कलकत्त्याच्या भाद्रपदात चपलासुद्धा आंबतात.

दोन दिवसांत पातेल्यावरचं झाकण उघडताना त्यांना तोंड फिरवावं लागलं. आणखी दोन दिवसांनी भांडीवाली आत आली, थबकली आणि म्हणाली, काही मेलंय का. शैलाबाई म्हणाल्या, नाही, तूप व्हायचंय अजून.

लोणी काढलं तेव्हा शरच्चंद्रराव वर गेलेले होते. हे शैलाबाईंनी मुद्दाम योजलं नव्हतं. त्यांना हवं होतं की त्यांनी समोर बसावं. पण उन्हं उतरल्यावर बुशशर्ट आपल्या पायांनी चालू लागायचा, त्याला कोण थांबवणार. त्यांनी लोणी एकाच पाण्यातून काढलं. आई असती तर रवीच उगारली असती. कढई ठेवली, आच मंद केली. लोणी वितळलं, फेस आला आणि त्या फेसातून जो भपकारा उठला, त्याने शैलाबाईंनी स्वतःच पदर नाकाला लावला. श्वास घेता येईना म्हणून त्यांनी स्वयंपाकघराची मागची खिडकी उघडली. ती इमारतीच्या मधल्या बोळकांडीत उघडत असे. प्रत्येक मजल्याची स्वयंपाकघरं त्याच बोळकांडीवर. खालच्यांचं मोहरीचं तेल, वरच्यांचं उकळतं दूध, सगळं एकमेकांना कळायचं.

खिडकी उघडून त्या कढईकडे वळल्या आणि त्यांना वाटलं, हे काय करून बसलो आपण. पन्नास वर्षांत असं तूप हातून झालं नव्हतं. एका बाईवर मात करायला स्वतःच्या हाताची चव नासवली. त्यांनी गॅस बंद करायला हात पुढे केला.

तेवढ्यात दाराची किल्ली वाजली.

शरच्चंद्रराव आत आले, धापा टाकत, नाक पुढे करून. एका चपलेवरच आले होते, दुसरी बहुधा वरच राहिली होती.

"शैला, तू चीज आणलंस?"

शैलाबाईंनी नाकावरचा पदर काढला.

"वर बसलो होतो. एकदम वास आला. मी म्हटलं, विनीताबाई, नवीन काही उघडलं का. त्या म्हणाल्या, माझ्याकडे पाटही काढलेला नाही अजून. खिडकीशी गेल्या, जराशा हसल्या आणि म्हणाल्या, भावजी, खाली जा. मी म्हटलं, काय आहे. म्हणाल्या, मी नाही सांगणार, तुमचं तुम्ही ओळखा. मग मी वासाच्या मागे मागे आलो. जिन्यात थोडा कमी झाला होता, दारात परत मोठा झाला." ते कढईजवळ आले. "चांगलं जबरदस्त आहे. त्या केशरी सालीच्या वरताण. कुठलं आहे?"

म्हणजे वास आला होता. शैलाबाईंच्या स्वयंपाकघराचा वास पाच वर्षांनी शरच्चंद्ररावांना आला होता, आणि त्यांनी तो वरच्या बाईच्या खात्यात टाकला. शिवाय तिने तो खिडकीतूनच ओळखला, आणि ओळखून गप्प बसली. भलेपणाही तिनेच करावा. शैलाबाईंना रडावं की कढई उचलून बोळकांडीत ओतावी, कळेना.

"चीज नाही ते," त्या म्हणाल्या.

"मग?"

"ओळखा तुमचं तुम्ही."

शरच्चंद्ररावांनी डोळे मिटले आणि कढईवर वाकले. शैलाबाईंनी गॅस बंद करायला नेलेला हात मागे घेतला. फेस विरत चालला होता. तळाशी पांढरट होतं ते आता तांबूस होऊ लागलं, वरचं गढूळ निवळायला लागलं. तूप कसंही केलं तरी शेवटी एक घटका अशी येते, की त्यातलं आंबटपण निघून जातं आणि ते सुधारतं. शैलाबाईंना हे लहानपणापासून माहीत होतं. घाईत विसरल्या होत्या.

"मोजे," शरच्चंद्रराव डोळे मिटूनच म्हणाले. "ओले मोजे. थांब. कमी होतायत. आता दुसरंच काहीतरी येतंय. भाजल्यासारखं. रवा भाजतात तसं." ते आणखी वाकले. "शैला, हे गोड आहे गं."

शैलाबाईंनी विड्याचं पान धुऊन पुसून ठेवलं होतं. त्यांनी ते तुपात सोडलं. पान चर्र झालं, कुरकुरीत झालं.

"पान," ते म्हणाले.

"वास आला, की आवाज ऐकलात?"

"खरं सांगू? दोन्ही."

त्यांनी डोळे उघडले. ते ओले होते, पण त्या दिवशी वरच्या पाटासमोरही ओले झालेच होते. शैलाबाई विसरल्या नव्हत्या. त्यांनी गॅस बंद केला आणि पदराला हात पुसले.

"जिन्यात जा," त्या म्हणाल्या.

"आता? आत्ताच तर आलो."

"जा. वळणावर उभे राहा, आणि तिथून सांगा."

"अगं, मला माहितीये आता काय आहे ते."

"माहिती असू दे. सांगा तिथून. आणि चप्पल घाला, एका पायानं काय हिंडताय."

शरच्चंद्रराव कुरकुरत निघाले. चप्पल मिळेना, तेव्हा अनवाणीच. कठड्याला धरून ते उतरत गेले, गुडघ्याचा 'अं' दर पायरीला ऐकू आला. मग तो थांबला. शैलाबाई दार उघडं टाकून स्वयंपाकघरात कढईपाशी येऊन उभ्या राहिल्या. छातीत काहीतरी धडधडत होतं, ह्या वयात, आणि एका तुपासाठी.

खालून दोनदा हुंगल्याचा आवाज आला. जरा जास्तच मोठ्याने.

"तूप," शरच्चंद्रराव ओरडले. "घरचं. पान घातलेलं."

शैलाबाईंनी तोंड उघडलं. पण त्यांच्याआधी वरच्या मजल्यावरून, कठड्याशी वाकून उभं असल्यासारखा, विनीताबाईंचा आवाज आला.

"बरोबर, भावजी. अगदी बरोबर."

तिच्या आवाजात खरंच आनंद होता. शैलाबाईंना तो ऐकू आला. आणि तरीही त्यांचे ओठ घट्ट मिटले. ह्या जिन्यात यांना उत्तर द्यायचं काम कुणाचं, हे कुणी हिला सांगितलं होतं? अर्थात सांगितलं होतं. सगळं सांगितलं होतं, रस्ता, जिना, मुखर्जीबाई. एक सोडून.

शैलाबाई दारापर्यंत आल्या. वर मुळीच न बघता, जिन्याच्या पोकळीत, खणखणीत आवाजात त्यांनी सांगितलं.

"चूक."

वर विनीताबाई गोंधळल्या असणार. त्यांच्या नाकाप्रमाणे तर ते तूपच होतं.

खाली वळणावरून पावलं वाजू लागली, अनवाणी, आणि भरभर. गुडघ्याचा 'अं' कुठे ऐकू आला नाही. शैलाबाई आत वळल्या, कढईच्या तळाची बेरी वाटीत काढली, तिच्यावर चमचाभर साखर घातली आणि कढईवर झाकण ठेवून दिलं, त्यांनी येऊन उघडावं म्हणून.